अर्ध्यावर राहिलेला फेरा

अख्खी नोकरी मी परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. ड्रेसर म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डोळ्यांत थेंब घालायचे आणि डॉक्टर कापत असताना जनावराचं डोकं धरून बसायचं. नव्या पोरांना मी एक गोष्ट बजावून सांगायचो, घोड्याच्या डोळ्यात फार वेळ बघू नका. पोरं हसायची. हसू देत. माणसाच्या डोळ्यात बघितलं तर समोरचा माणूस दिसतो. घोड्याच्या डोळ्यात आपणच दिसतो, वाकडेतिकडे, आणि आपल्या पाठीमागचं दारही दिसतं. मला त्या दाराची भीती वाटते. का वाटते ते आता सांगून टाकतो. ऐंशी उलटल्यावर झाकून ठेवून काय करायचंय?

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती ती वर्षं. आमच्या लालबागात भिंतीभिंतीवर घोषणा रंगवलेल्या. हिवाळ्यात गोळीबाराचा तो आठवडा झाला, आणि कोण कुठं पडला याच्या बातम्या पुढं कितीतरी महिने येत राहिल्या. पावसाळा सरला. दसऱ्याच्या सुमारास एक म्हातारा भुरा घोडा घेऊन दवाखान्यात आला. साताऱ्याकडचा माणूस, माझगावच्या तबेल्यात राहणारा, जन्मभर व्हिक्टोरिया, म्हणजे भाड्याची घोडागाडी, हाकलेला. घोड्याचा डावा डोळा आत ओढून सुकला होता. उजव्यात मोतीबिंदू होता, भाताच्या पेजेच्या रंगाचा. त्यातून पाणी गळत होतं आणि माशा बसत होत्या.

आमचे डॉक्टर बोलायला कमी आणि तापायला जास्त. इतके महिने झोपला होतास काय, म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला झाडलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं ते असं.

गोळीबाराच्या आठवड्यात एका दुपारी त्याचा एकुलता एक मुलगा व्हिक्टोरिया घेऊन गिरगावात गेला होता. अश्रुधुराची नळकांडी फुटली, पळापळ झाली. एका पानवाल्यानं बघितलं, मुलानं धुरातून कुणालातरी बखोटीला धरून गाडीत ओढलं आणि घोडा पिटाळला. त्यानंतर मुलगा कुणाला दिसला नाही. दिवेलागणीच्या आत घोडा एकटाच तबेल्यात परतला. मागं व्हिक्टोरिया होती, लगाम रस्त्यावर लोळत होता आणि वर कुणी नव्हतं. म्हाताऱ्यानं इस्पितळं पालथी घातली, चौक्यांचे उंबरे झिजवले, मुडदेखाने बघितले. मुलाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. घोड्याचे डोळे मात्र त्याच दिवसापासून वाहायला लागले. सूज यायची, उतरायची, पुन्हा यायची. तबेल्यातले म्हणायचे, अमावास्या-पुनवेला वाढतं. डॉक्टर म्हणाले की इंग्रजी पुस्तकातही या आजाराला चंद्राचंच नाव आहे, पण चंद्राचा त्यात काही हात नाही. डोळ्याच्या आत सूज येते, आणि जाताना दर खेपेला थोडी नजर घेऊन जाते.

अशा डोळ्यात शस्त्र घालणं म्हणजे निखाऱ्यावर फुंकर मारणं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सूज पुन्हा भडकली तर उरलासुरला उजेडही जाईल. त्यापेक्षा घोडा काढून टाक. म्हातारा म्हणाला, गाडीला दुसरा घोडा आहे. याच्याकडून फक्त एक फेरा करून घ्यायचाय.

"साहेब, अर्ध्यावर ऱ्हायलेला फेरा घोडं इसरत न्हाई. लगाम सैल सोडला की शेवटचं गिऱ्हाईक जिथं उतारलं तिथंच जाऊन हुभं ऱ्हातंय. पर ह्याला दिसत न्हाई, भ्यालंय. कोपऱ्याच्या फुडं पाऊल टाकत न्हाई. ह्याला एक डोळा द्या."

कारणही त्यानं सांगितलं. घरात म्हातारी रोज मुलाचं ताट वाढते. नातेवाईक म्हणाले, प्रेत नाही तर दर्भाचा पुतळा करा आणि दिवस घाला. ती ऐकत नाही. जिथं माझं लेकरू पडलं तिथली मूठभर माती आणा, मग घाला दिवस, तोवर तो गेलेला नाही, म्हणते. दहा महिने ते ताट वाढलं जात होतं, आणि सकाळी ते घोड्यापुढं ठेवायचं काम म्हाताऱ्याचं.

डॉक्टर म्हणाले, आधी डोळा शांत करू, बघू. मला म्हणाले, थेंब घाल. मी घोड्याजवळ गेलो. त्याच वेळी त्यानं मान खाली घालून डोळा खांबावर घासायला घेतला, आणि मी सवयीनं बोलून गेलो, "चोळू नको गड्या, वाहू दे."

घोडा जागच्या जागी ताठ झाला. दोन्ही कान माझ्याकडे वळले. मग त्यानं नाकातून हळूच आवाज काढला, ओळखीच्या माणसाला बघून काढतात तसा, आणि त्याची कातडी खांद्यापासून शेपटीपर्यंत थरथरत गेली. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. माझा पोरगा असंच म्हणायचा, म्हणाला, अगदी हेच शब्द, डोळ्यात कचरा गेला की. मी म्हटलं, बाबा, सगळेच म्हणतात.

खरं तर सगळे तसं म्हणत नाहीत. ते शब्द मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकले होते.

मी त्या दिवशी मोर्च्याला गेलो होतो, असं पुढं कैक वर्षं लोकांना सांगत आलो. कसला मोर्चा? दवाखान्यासाठी औषधाच्या बाटल्या आणायला गिरगावात गेलो होतो. नळकांडं पायाशीच फुटलं. डोळ्यांत मिरची कोंबल्यासारखं झालं आणि सगळं अंधारलं. कुणीतरी बखोटीला धरून वर ओढलं, खाली गादी लागली, चाकं खडखडली. मी डोळे चोळत होतो. पुढून आवाज आला, "चोळू नको गड्या, वाहू दे." कुठं सोडू म्हणून विचारलं. मी लालबाग सांगितलं, चाळ सांगितली. सगळ्या रस्त्यात मला काही म्हणता काही दिसलं नाही. त्याचा चेहराही नाही.

आमची खोली तळमजल्यावर, दार थेट रस्त्यावर. त्यानं मला हाताला धरून उतरवलं, पायरीपर्यंत आणलं. घोड्याला जरा पाणी मिळेल का, म्हणाला. आणि नाक्यावर पोलिसांची गाडी वळतेय, मलाही घटकाभर आत घ्या. आई दारातच होती. ती म्हणाली, "अरे, त्याका आत घे." मी आईला आत ढकललं आणि कडी घातली. आईनं नव्हे, मी घातली. त्यानं तीनदा दार वाजवलं. जोरात नाही, शेजाऱ्याकडे विरजण मागायला आल्यासारखं. मग नाक्यावर दोन बार झाले. घोडा खिंकाळला, चाकं भरधाव निघून गेली. आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत हललो नाही. दार उघडलं तेव्हा रस्ता रिकामा होता आणि पायरीवर एक चप्पल होती. ती मी गटारात टाकली.

आई त्याविषयी पुन्हा एक अक्षर बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती दाराबाहेर पायरीशेजारी पाण्याची बादली भरून ठेवायला लागली. तिथं ना झाड होतं, ना कुंडी. मी कधी विचारलं नाही.

आता कुणीही म्हणेल, त्याच दिवशी म्हाताऱ्याला सांगून टाकायचं. मीही रोज सकाळी तेच ठरवायचो. भोईवाड्यापर्यंत चालत येताना वाक्यं जुळवायचो आणि दवाखान्याच्या फाटकात शिरलो की तोंडाला कुलूप. दिवस गेले तसं ते कुलूप गंजत गेलं. घोडा दवाखान्यातच ठेवून घेतला होता. डोळा शांत व्हायला तीन महिने लागले. रोज थेंब घालायचे, बाहुली उघडी ठेवायची, सूज नाही ना बघायचं. दर पुनवेला डॉक्टर चंद्राला शिव्या घालत आणि तरीही दिवा घेऊन डोळा तपासायला येत. म्हातारा रोज माझगावहून चालत यायचा, घोड्याच्या गळ्यात हात टाकून बसायचा. माझ्यासाठी म्हातारीनं केलेली भाकरी आणायचा. मुलाच्या ताटातली का, असं एकदा माझ्या मनात आलं, आणि हातातला घास खाली ठेवला.

घोडा रोज दुपारी चारच्या सुमारास मान उचलायचा. दाराकडे कान टवकारायचा आणि मग ते कान हळूहळू फिरत गव्हाणीपर्यंत यायचे, कुणीतरी आत येऊन त्याच्या शेजारी थांबावं तसे. तिथं कुणी नसायचं. म्हाताऱ्याला हे दिसायचं. तो थोडा सरकून जागा करून द्यायचा. एकदा मला म्हणाला, लेकरू गाडी सोडायचं ते याच वेळेला.

शस्त्रक्रिया संक्रांतीनंतर झाली. घोड्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं. सकाळी पेंढ्याच्या जाड थरावर दोरांनी अलगद आडवा पाडला, क्लोरोफॉर्मची पिशवी नाकाला बांधली. मी डोकं मांडीवर घेऊन बसलो. डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले, पापण्या चिमट्यानं उघड्या ठेवल्या. आतला पडदा जुन्या सुजेनं भिंगाला चिकटून बसला होता, तो डॉक्टरांनी सुईनं सोडवला. मग बुबुळाच्या कडेला चीर देऊन ते पांढरं भिंग हलकेच बाहेर काढलं. बशीत पडलं ते वाटाण्याहून मोठं होतं. मागं काळाभोर, स्वच्छ डोळा राहिला, आणि त्यात मी दिसलो. झोपेतल्या घोड्याच्या डोळ्यात, उलटा वाकलेला, मागं उघडं दार. मी मान फिरवली. डॉक्टर ओरडले, हलू नकोस.

भिंग गेलं म्हणजे चेहरे ओळखू येणार नाहीत, डॉक्टरांनी म्हाताऱ्याला समजावलं. धूसर दिसेल. रस्ता, वळण, भिंत, एवढं कळेल. म्हातारा म्हणाला, तेवढंच पायजे.

खरी परीक्षा पुढची. डोळ्यावर पट्टी, खिडकीला काळं कापड, आणि डोकं दोन बाजूंना दोरानं बांधलेलं, घोड्यानं डोळा घासू नये म्हणून. एक घासणं, की चीर उसवणार आणि डोळा संपणार. अशा जनावराजवळ जायचा आमचा एक नियम होता, आधी आवाज, मग हात. न बोलता हात लावला तर ते बिथरतं. ही सगळी राखण माझ्याकडे. कुंपणच शेत खायला बसलं होतं म्हणा. मला माहीत होतं की हा घोडा बघायला लागला तर कुठं जाणार आहे. जगात ते मला एकट्याला माहीत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी म्हातारा चहाला गेला. मी दारात आलो तर डावा दोर सुटून लोंबत होता. गाठ मीच बांधली होती. मुद्दाम सैल बांधली का? नाही, असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय. घोडा मान खाली घालत होता, पट्टीचा डोळा गव्हाणीच्या कडेकडे नेत होता. मला फक्त बोलायचं होतं. मी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मी उभा राहिलो आणि बघत राहिलो. कड चार बोटांवर आली, दोन बोटांवर आली.

"चोळू नको गड्या, वाहू दे."

घोडा थांबला. ते शब्द माझ्याच तोंडून निघाले असणार, दुसरं कुणी नव्हतं तिथं. पण माझे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले होते, हे मला आजही जबड्यात आठवतं. आणि घोड्यानं मान वळवली ती माझ्याकडे नाही. गव्हाणीच्या शेजारी, त्या नेहमीच्या जागेकडे. मी दोर बांधला तेव्हा गाठ तीनदा घालावी लागली. त्यानंतर मी रात्रंदिवस तिथंच राहिलो. घरी फक्त अंघोळीला जायचो.

डोळा वाचला. पट्टी काढल्यावर घोड्यानं उजेडाकडे बघितलं, पापणी मिटली, पुन्हा उघडली. दारातली सावली म्हणजे खड्डा वाटून ती ओलांडायला त्याला अर्धा तास लागला. आणखी महिनाभरानं डॉक्टरांनी फेऱ्याची परवानगी दिली आणि मला बजावलं, सोबत जा, डोळ्यावर लक्ष ठेव. नाही कसं म्हणणार?

रविवारची सकाळ होती. म्हातारा लगाम हातात धरून गिरगावापर्यंत जपून गेला. पानवाल्याच्या दुकानासमोर गाडी उभी केली. मी मागं गादीवर. म्हाताऱ्यानं लगाम घोड्याच्या पाठीवर सैल टाकला आणि हात मांडीवर ठेवले. घोडा बराच वेळ नुसता उभा होता. मनात म्हटलं, विसरला. देवा, विसरला असू दे. मग त्यानं मान डाव्या बाजूला वळवली आणि चालायला लागला.

नागपाड्याशी मी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांना रस्ता जास्त ओळखीचा निघाला. हे वळण, ट्रामच्या रुळांवरून चाकं उडतात ती जागा, मग भायखळा, मग चढ. गाडी कुठंही अडली नाही. रूळ चमकले तिथं घोडा दोनदा बिचकला आणि स्वतःच सावरला. पुढं म्हातारा पुटपुटत होता, मला वाटलं घोड्याशी बोलतोय. मग लक्षात आलं, तो एका कडेला सरकून बसला होता. लगामाच्या जागेवर कुणाला तरी बसता येईल एवढी जागा त्यानं मोकळी सोडली होती.

चाकं थांबली. मी डोळे उघडले नाहीत. पाणी पिण्याचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा घोडा आमच्या पायरीशी उभा होता आणि बादलीत तोंड घालून पीत होता. आई दारात होती. केस विंचरता विंचरता उठून आली असावी, फणी हातातच होती. ती घोड्याकडे बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती फक्त म्हणाली, "इलास रे बाबा?"

म्हातारा खाली उतरला. पायरी बघितली, दार बघितलं, बादली बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं होतं, पण तो थांबला. मला बोलायला सवड दिली त्यानं. मी गाडीतून उतरलो नाही, बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. धूर, हात, आवाज, पाणी, कडी, दोन बार, चप्पल. गाठीचंही सांगितलं. सांगताना रडू आलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

म्हातारा मला मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो पायरीशी उकिडवा बसला, फरसबंदीच्या फटीतली आणि गटाराच्या कडेची माती नखांनी खरवडून काढली, धोतराच्या सोग्यात बांधली. बराच वेळ लागला. मूठभर माती लालबागच्या रस्त्यात सहज मिळत नाही. मग उठून उभा राहिला आणि विचारलं, "किती येळा वाजवलं?"

"तीनदा."

"कसं?"

मी दाराकडे बघितलं. त्यानं मान हलवली. आईला म्हणाला, माय, जरा आत येऊ का? आई बाजूला झाली. तो आमच्या खोलीत गेला, आणि आतून दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज मी प्रथमच बाहेरून ऐकला. आतून तो म्हणाला, "वाजव. त्यानं वाजवलं तसं वाजव."

मी गाडीतून उतरलो. पायरीवर उभा राहिलो, हात उचलला आणि एकदा वाजवलं. जोरात नाही.

दुसऱ्यांदा वाजवायला हात मागं घेतला, तोवर कडी निघाली होती. दार सताड उघडं झालं. म्हातारा उंबऱ्यात उभा होता आणि तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत होता.

"ये," म्हणाला, "आत ये."

आणि वाट देऊन बाजूला सरला. घोड्यानं बादलीतून मान वर काढली. त्याच्या कानांचा रोख माझ्या कुशीजवळून पुढं गेला, पायरीवरून, उंबऱ्यावरून, खोलीत आतपर्यंत. मग कान सैल पडले.

पुढच्या आठवड्यात माझगावला दिवस घातले. आईनं बादली भरणं बंद केलं. दार मात्र त्यानंतर आमच्याकडे दिवसा कधी लावलं गेलं नाही.